सोपानरावांचे आठ कर्णे

ईशान, तन्वी,

गेल्या रविवारी तुम्ही मला फोनवर तुमच्याकडच्या संगीताच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ दाखवलात. निळा उजेड, नाचणारी मुलं आणि त्यांच्यासमोर उभी काळी खोकी. मी म्हटलं, "हे घडीचे हॉर्न दिसताहेत. पण एकमेकांपासून इतके लांब का ठेवलेत? खालचा आवाज, तुमचा तो बेस, फुकट जात असणार." तुम्ही दोघं इतके हसलात की फोन खाली पडला. मग तन्वीने विचारलं, "आजी, तुला हे कुणी शिकवलं?"

उत्तर लांबलचक आहे, म्हणून लिहूनच पाठवते आहे. जमेल तितकं क्रमाने सांगते.

मला हे सोपानरावांनी शिकवलं. भोरला एसटी स्टँडच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं सुतारकामाचं दुकान होतं. गाव मार्गासनीच्या पुढचं. वय पन्नाशीच्या पलीकडे, अंगाने सडसडीत, डाव्या कानावर पेन्सिल. मापं कागदावर न लिहिता सनमायकाच्या तुकड्यांवर लिहीत. ते तुकडे खिशात खडखडत, त्यामुळे सोपानराव जिना चढताहेत हे आधीच कळे.

त्यांना एक खोड होती. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराने ते दिसेल ती वस्तू वाजवून बघत. घरात आले की चौकट, कपाट, गॅसची टाकी, एकदा तर आमचा फ्रीज. मान तिरकी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. तुमच्या आजोबांनी पुण्याहून मोठ्या हौसेने जेवणाचं टेबल आणलं होतं. सोपानरावांनी ते दोनदा वाजवलं आणि म्हणाले, "बाई, ह्याच्या पोटात पोकळी हाय. फसवलं सायबास्नी." आजोबा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. सहा महिन्यांनी टेबलाचा वरचा थर फुगून उचकटला, तेव्हा आजोबांनीच त्यांना फोन केला. सोपानराव आले, टेबल दुरुस्त केलं आणि पोकळीविषयी चकार शब्द काढला नाही. असा माणूस.

या माणसाला स्पीकरचं वेड लागलं ते पानशेतला. तिथल्या एका बंगल्यात ते स्वयंपाकघराचं काम करत होते. शनिवार-रविवारसाठी पुण्याची मुलं आली होती. त्यात मीरा नावाची मुलगी होती. नोकरी सांभाळून ती तुम्ही ऐकता तसलं इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवायची. तिने गच्चीवर आपलं खोकं लावलं. खाली सोपानरावांच्या हातातली पटाशी थरथरायला लागली. ते तसेच वर गेले.

"ताई, ह्ये काय हाय?"

"हॉर्न आहे, काका. स्पीकर आत लपलेला असतो. त्याच्यापुढे हा दुमडलेला बोगदा. बोगदा रुंद होत जातो आणि आवाज वाढतो."

"म्हंजे डोंगरावरनं हाक मारताना तोंडाला हात लावतो, तसं."

"अगदी तसंच!"

"उघडून दावता का?"

कुणीही नाही म्हटलं असतं. मीराने संगीत बंद केलं. संध्याकाळपर्यंत खोकं सुटं होऊन गच्चीवर पसरलं होतं, आणि दिवेलागणीच्या आत सोपानरावांनी ते होतं तसं जोडूनही दिलं. जाताना मीराने त्यांना खालच्या आवाजासाठीच्या एका मोठ्या हॉर्नचा नकाशा छापून दिला. तो इंग्रजीत होता. सोमवारी सकाळी सनमायकाचे तुकडे आमच्या जिन्यात खडखडले.

"बाई, तुमी शाळंत सायन्स शिकवलंय. ह्ये वाचून सांगा."

माझं काम एवढंच होतं: वाचायचं, आकडे काढायचे, चहा करायचा. बोगदा दर वितीला किती रुंद व्हायला हवा हे मी गणिताने काढून दिलं. नकाशात वळणाच्या जागी सरळ फळ्या कोपऱ्यात जोडलेल्या होत्या. सोपानरावांना ते पटेना. "पाटाला असा कोपरा केला तर पानी बांध खातं. वारं काय येगळं हाय?" त्यांनी शेडच्या जमिनीवर माझ्या आकड्यांप्रमाणे खिळे ठोकले आणि बांबूची एक लांब कांबट खिळ्यांना टेकवून वाकवली. मी वहीत जी वक्ररेषा काढायला अर्धा तास घेतला होता, ती कांबटीने एका दमात काढली. मी वही मिटली.

स्पीकरच्या पाठीमागे हवाबंद कप्पा लागतो, आणि तो ठरलेल्या मापाचाच असावा लागतो. माझं उत्तर लिटरमध्ये होतं. त्यावर त्यांचा विश्वास होता, पण पूर्ण नव्हता. त्यांनी घरून न कांडलेलं भात आणलं आणि पायलीच्या मापाने मोजत कप्प्यात ओतलं. भात आणि माझं गणित जुळलं, तेव्हा ते म्हणाले, "तुमचं बराबर हाय." त्या सुरात मला आयुष्यात फार कमी शाबासक्या मिळाल्या आहेत.

पहिला कर्णा तयार झाला. ते हॉर्नला कर्णाच म्हणत. कपाटाएवढा, आतून गुळगुळीत, बाहेरून काळा. मीरा पुण्याहून स्पीकर घेऊन आली. वाजवलं, तर धक्क्याबरोबर फुस्स, फुस्स असा आवाज. पंक्चर झालेल्या चाकासारखा. मीराने तारा तपासल्या. मी गणित तपासलं. सोपानरावांनी उदबत्ती पेटवली आणि ती हळूहळू प्रत्येक सांध्यावरून फिरवली. एका फळीच्या कडेला धूर एकदम आडवा झाला. मग दुसरीच्या. मग सगळ्यांच्याच.

सोपानराव मटकन खाली बसले आणि हसायला लागले. "बाई, म्या पावसाची जागा सोडलीय!"

आमच्या भागात चार महिने इतका पाऊस पडतो की लाकूड फुगतं. म्हणून इकडचा सुतार दार करताना कडेला केसभर फट ठेवतोच, नाहीतर आषाढात दार चौकटीत अडकून बसतं. आयुष्यभर दारं केलेल्या हाताने कर्ण्यालाही तीच फट ठेवली होती, न विचारता. कर्णा होता प्लायवूडचा, ते लाकडासारखं फुगत नाही, आणि कर्ण्याला तर कुठेच फट चालत नाही. मीरा म्हणाली, "भरून टाकू ना काका, पुट्टी लावून."

"न्हाई. चुकलेलं झाकायचं न्हाई," असं म्हणून त्यांनी तीन आठवड्यांचं काम त्याच दुपारी सोडवायला घेतलं.

एकटा कर्णा मात्र खालच्या आवाजाला पुरत नाही. चार-आठ जवळ जवळ ठेवले, की त्यांची तोंडं मिळून एकच मोठं तोंड होतं. हे कळल्यावर सोपानरावांनी आठ करायचे ठरवले. गिऱ्हाइकांची कामं सांभाळून चार वर्षं लागली. शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. त्यांची बायको लक्ष्मीबाई कर्ण्यांच्या तोंडात कांदे वाळत घालायची आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "ह्यास्नी दारं लावा, निदान धान्याच्या कणग्या तरी हुतील."

आणि ऐकायला कुणी तयार नव्हतं. शिवऱ्याला एका हळदीच्या कार्यक्रमात त्यांनी चार कर्णे नेले, मीही गेले होते. तिथे नेहमी वाजवणारा बबन नावाचा तरुण होता, दिव्यांच्या भिंती घेऊन फिरणारा. तो कर्ण्याला अगदी कान लावून उभा राहिला. या कर्ण्यांची गंमत अशी, की फार जवळ उभं राहिलं तर त्यांचं मोठेपण कळतच नाही.

"काका, ह्यो आवाज हाय का कपाट हाय?" बबनने विचारलं. मांडव हसला. नवरीचा मामा म्हणाला, "कपाट आसंल तर आहेरात चालंल!" सोपानराव मान खाली घालून तारा गुंडाळायला लागले. तेवढ्यात हायवेच्या पलीकडचा ढाबेवाला तणतणत आला. "आरं, कोन वाजवतंय? माज्या मांडणीवरचे पेले नाचाया लागलेत!"

सोपानरावांनी तार टाकली. "किती पावलं हाय तुमचं हाटेल?"

"काय?"

"हितनं पावलं किती?"

आणि ते खरोखर मोजत निघाले. मागून ढाबेवाला शिव्या देतोय आणि हे मोजताहेत. परत आल्यावर मला म्हणाले, "मोठा आवाज कुनीबी करंल, बाई. आवाज लांब पायजे." पण हळद बबननेच वाजवली. त्यानंतर कुणी त्यांना बोलावलं नाही.

आता मुख्य गोष्ट.

मीराने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी वेल्ह्याच्या रस्त्याला, गुंजवणी नदीच्या काठी, दुपारपासून रात्री दहापर्यंत मोठा कार्यक्रम करायचं ठरवलं. तिचा हट्ट होता की वाजतील तर सोपानकाकांचेच कर्णे. अडचण नदीकाठच्या वाडीची होती. आदल्या वर्षी जवळच्या एका बंगल्यात कुणीतरी रात्रभर धिंगाणा घातला होता. त्यामुळे ग्रामसभा आधीच तापलेली. मीरा मला सोबत घेऊन गेली होती.

सरपंच सुमनताई उभ्या राहिल्या. "आमाला गान्याचं वावडं न्हाई. पर मागल्या साली त्या दणक्यानं माज्या म्हशीनं दोन दिस पान्हा चोरला. डेरीत काय घालू? आवाज?"

पान्हा चोरणं म्हणजे घाबरलेली म्हैस दूध अडवून धरते, धार सोडत नाही. शहरातल्या मुलांना ते कळलं नाही. वाडीतल्या प्रत्येकाला कळलं. वाडीचं घर दुधावर चालतं.

सोपानराव मागे भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "ताई, आपन म्हशीलाच इचारू."

सगळे हसले. सोपानराव हसले नाहीत. "गुरुवारी, सांजच्या धारंला. पुरा आवाज लावतो. म्हशीनं पान्हा चोरला, तर कार्यक्रम न्हाई. आन् म्या आठी कर्णे कापतो आन् तुमच्या शाळंला कपाटं करून देतो. फुकट."

शाळेच्या गुरुजींनी तेवढ्यात विचारून घेतलं, "किती होतील?"

"नऊ," सोपानराव म्हणाले. म्हणजे हिशेब त्यांनी आधीच करून ठेवला होता.

परतताना गाडीत मीराच्या डोळ्यांत पाणी होतं. "काका, असं कशाला बोललात? चार वर्षं घालवलीत तुम्ही."

"म्हनून तर. वाजायचं नसंल, तर त्येनी शेडात जागा अडवून काय करायचं? आन् बोललो ते बोललो."

मंगळवार आणि बुधवार ते नदीकाठी नुसते हिंडले. मुलांनी व्यासपीठ वरच्या माळावर आखलं होतं, मागे तोरणा दिसावा म्हणून. सोपानरावांनी ते रद्द केलं. "फोटू चांगला येईल, पर आवाज वाडीत शिरंल." त्यांनी खालचं, पात्राला लागून असलेलं कापणी झालेलं भातखाचर निवडलं. कर्ण्यांची पाठ उंच दरडीकडे, वाडी त्या दरडीच्या वर आणि मागे. समोर रिकामं पात्र, पलीकडे रान. आठही कर्णे खेटून, एका ओळीत, म्हणजे सगळं तोंड पुढे. "म्होरं लांब, मागं बंद," ते म्हणाले.

गुरुवारी मला त्यांनी वेगळं काम दिलं. "बाई, तुमी ताईंच्या गोठ्यात बसायचं, घड्याळ घिऊन. तुमी खोटं बोलनार न्हाई, ह्ये दोन्ही बाजूंस्नी ठावं हाय."

तर मी गोठ्यात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर वही. दाराशी अर्धी वाडी. सुमनताईंनी म्हशीपुढे आंबोण, म्हणजे भिजवलेली पेंड ठेवली, पारडू पाजायला सोडलं, मग ओढून बांधलं, आणि बादली घेऊन खाली बसल्या. पाच वाजून पाच मिनिटांनी माझ्या फोनवर मीराचा निरोप आला: सुरू केलं. मी वेळ लिहिली. कुणाला काही सांगितलं नाही. सोपानरावांनी तसंच सांगितलं होतं. पाच बाराला दुसरा निरोप: पूर्ण आवाज.

मी कान दिला. फार लांब, कुणाच्या तरी घरी कांडण चालावं इतपत काहीतरी होतं. त्याच्यावर बादलीत पडणारी धार. म्हशीने एकदा कान हलवला, आणि माझ्या डोळ्यांसमोर शाळेच्या भिंतीशी ओळीने नऊ कपाटं उभी राहिली. माशी होती. म्हशीने परत आंबोणात तोंड घातलं.

आणखी दहा मिनिटं गेली. सुमनताई वैतागून म्हणाल्या, "बाई, फोन करा त्या सोपानाला. कवा चालू करनार हाय? माजी धार संपत आली. म्हस काय त्याच्यासाटी थांबून ऱ्हाईल?"

मी वहीत बघून सांगितलं, "सुमनताई, सुरू होऊन वीस मिनिटं झाली."

त्यांचा हात थांबला. "काय सांगता!"

"पूर्ण आवाज लावूनसुद्धा तेरा मिनिटं झाली."

दाराशी सगळे कान देऊन ऐकायला लागले. एक म्हातारबुवा म्हणाले, "ह्ये व्हय? म्या म्हनलं पल्याड कुनी भुईमूग झोडतंय." सुमनताईंनी शेवटची धार काढली, उठल्या आणि बादली उजेडात धरली. फेसाने काठोकाठ. त्यांनी ती सगळ्यांना दिसेल अशी फिरवली आणि मला म्हणाल्या, "लावा फोन. म्हनावं, करवत ठेव खाली!"

अख्खा गोठा हसला. मी फोन लावला आणि तेच शब्द सांगितले. पलीकडून सोपानरावांनी विचारलं, "पारडू बिचाकलं न्हाई ना, बाई?"

नाही, म्हटलं. पारडूही नाही.

त्या कार्यक्रमानंतर सोपानराव भोरला फारसे राहिले नाहीत. आठाचे सोळा कर्णे झाले, शेड मार्गासनीला हलली, आणि वर्षातले कितीतरी महिने ते टेम्पोबरोबर गोव्याला नाहीतर हिमाचलात असतात. लक्ष्मीबाईही जाते, तिने कांद्यांसाठी वेगळी मांडणी करून घेतली. बबन आता त्यांच्या हाताखाली तारा जोडतो. सणाला फोन येतो, "बाई, बरं हाय ना?" भेट मात्र झालेली नाही. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या कार्यक्रमाच्या दिवशीच.

चार वाजता सुरुवात झाली. पुण्याहून आलेली दोन-तीनशे मुलं त्या भातखाचरात नाचत होती. मी बांधावर होते. तुम्हाला कसं सांगू? तो आवाज कानावर आदळत नव्हता. छातीतून आरपार जात होता, आणि तरीही शेजारच्या मुलीशी मला साध्या आवाजात बोलता येत होतं. मीरा वाजवत होती आणि मध्येच दोन्ही हात वर करून कर्ण्यांकडे दाखवत होती. मुलं ओरडत होती, "काका! काका!" काका कुठेतरी जनरेटरमागे लपले होते.

सहा-सव्वासहाला, ऊन तांबूस झालेलं असताना, दरडीवरून दहा-बारा बायका उतरताना दिसल्या. डेरीत दूध घालून तशाच आलेल्या. पुढे सुमनताई, हातात रिकामी किटली. चाल रागाची. सोपानरावांनीही त्यांना पाहिलं आणि ते धावत बांधावर आले.

"काय झालं, ताई? म्हशीनं काय—"

"म्हशीला काय धाड भरलीय! म्हस खुशाल हाय. आमचं काय?" सुमनताई कडाडल्या. "वाजतंय आमच्या गावात, पुन्याची लोकं येऊन ऐकत्यात, आन् आमालाच घरात बसून काय ऐकू येत न्हाई! ह्यो कुठला न्याय?"

सोपानराव म्हणाले, "चपला काढा. पायातनं बी येतो त्यो."

बांधाच्या कडेला बारा जोड चपला लागल्या. सोपानरावही अनवाणी झाले आणि बायकांना मागे घेऊन कडेकडेने पुढे निघाले. नाचणारी मुलं बाजूला होऊन वाट देत होती. कर्ण्यांसमोर, पण बरंच अंतर ठेवून, एका जागी ते थांबले. पायाने जमीन चाचपली, एक पाऊल मागे घेतलं आणि म्हणाले, "हितं. आता उभ्या ऱ्हावा."

एका म्हातारीने छातीवर हात ठेवला. "आगं बाई, ह्यो तर आतनं येतुया!" एकीने डोळे मिटले. दोघी एकमेकींना धरून हसायला लागल्या. सुमनताई आधी नुसत्याच ताठ उभ्या होत्या. मग त्यांनी पदर कमरेला खोचला.

सोपानरावांची पाठ कर्ण्यांकडे होती. ते एकेका बाईचं तोंड बघत होते आणि त्यांचं स्वतःचं तोंड हसून हसून दुखत असणार. सुमनताईंची किटली त्यांनी आपल्या हातात धरली होती, कारण ताईंना आता दोन्ही हात मोकळे हवे होते.